सरळ रेषेत मोजतात म्हणे

आमच्या बेळगावात पोराला शाळेत घालायचं म्हणजे ठरलेला कार्यक्रम असतो. आधी कॅम्पातली शाळा की टिळकवाडीतली यावर घरात दोन महिने भांडण, मग फॉर्म कधी सुटणार याची खबर काढायची, मग बाप पहाटे कानटोपी घालून लाईनीत, इकडं आई पोराकडनं 'व्हॉट इज युवर नेम' घोटून घेत्या, आणि एवढं करून नंबर नाही लागला तर कुणाचा तरी साडू कमिटीवर असतोयच, त्याला गाठायचं. घर कुठं आहे हा प्रश्न कुणी विचारत पण नाही. शहापुरातनं कॅम्पात जायला रिक्षामामा आहेत की, पोरं आत, दप्तरं बाहेर, रेल्वे गेट पडलं तर सगळी वरात तिथंच. त्यामुळं धाकटा भाऊ दिन्या कंपनीतर्फे इंग्लंडला गेला आणि पोरीच्या शाळेचा विषय निघाला तेव्हा आम्ही सगळे निवांत होतो. म्हटलं यात काय एवढं, अनुभवी माणसं आहोत.

दिन्या राहतो रेडिंगला. लंडनपासून रेल्वेनं अर्ध्या तासावर, म्हणजे आप्पांच्या लेखी लंडनच. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. आमच्या बाजूला फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, समोर आप्पा, आई, मी, बायको, आमचा ओमकार, आणि सहज आले म्हणून बसलेल्या शेजारच्या काकू, ज्या दर रविवारी सहजच येतात. तिकडं दिन्या आणि स्मिता, मागं सोफ्यावर उड्या मारणारी सई.

दिन्यानं सांगितलं, दोन रस्ते आहेत, एक सरकारी शाळा, एक खासगी. सरकारी फुकट.

"फुकट?" आई म्हणाली. "मग तिथं कुणाची पोरं जातात?"

"सगळ्यांचीच जातात आई, शंभरातली नव्वदच्या वर पोरं इथं सरकारीतच असतात."

हे आईला अजिबात पटलं नाही. तिचं गणित साधं आहे, ज्याला पैसे पडत नाहीत त्यात काहीतरी खोट असते. आणि खरं सांगायचं तर दिन्याचं पण आतनं तेच होतं. त्याला त्या खासगी शाळेचं माहितीपत्रक फार आवडलेलं, त्यात पोरी ब्लेझर आणि टाय घालून घोड्यावर बसलेल्या. शहापुरात वाढलेल्या माणसाला पोरगी घोड्यावर बघायची हौस का असावी मला कळत नाही, पण असते. फी किती विचारलं तर म्हणाला वर्षाला अठरा हजार पौंड. आप्पांनी उद्यमबागेत फौंड्रीत जन्म काढलाय, हिशेबाला पक्के. त्यांनी फोनवरच गुणाकार मारला आणि चष्मा काढून ठेवला. एकवीस लाखाच्या आसपास. वर परत १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या सरकारनं खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावलाय.

"पोरांच्या फीवर टॅक्स?" आप्पा. "अरे, आपल्याकडं पॉपकॉर्नवर जीएसटी आहे, पण शाळेच्या फीवर नाही लावलेला अजून."

घोडा तिथंच मेला. स्मिता एवढा वेळ गप्प होती, ती म्हणाली मी तेच सांगतेय महिनाभर.

आता वाटलं मिटलं, सरकारी तर सरकारी, जवळची चांगली बघायची आणि घालायची. पण चांगली कुठली हे ठरवणार कसं? तर तिथं ऑफस्टेड म्हणून खातं आहे, ते शाळांची तपासणी करतं. पूर्वी ते शाळेला एका शब्दात शेरा देऊन मोकळं व्हायचं, आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट असं. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना तो एका शब्दातला शेरा बंद झाला. त्यामुळं आता सगळा अहवाल वाचायला लागतो, आणि आमच्या घराण्यात कुणी पूर्ण अहवाल वाचल्याची नोंद नाही. दिन्यानं जुने शेरे शोधून काढले. घराजवळच्या एका शाळेला 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' होता. आई म्हणाली, "तुझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी हेच असायचं की, तू नाहीस का गेलास इंग्लंडला."

'आउटस्टँडिंग' वाली पण एक होतीच. सगळ्यांना तीच पाहिजे होती. आणि इथं आमच्या अनुभवाचं पार भजं झालं.

तिथं अर्ज शाळेत करायचा नाही, कौन्सिलकडं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडं करायचा. शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर नियमानं नंबर लागतो, आधी सरकारच्या देखरेखीखालची पोरं, मग ज्यांचं भावंड त्या शाळेत आहे ती, आणि मग घरापासनं शाळेचं अंतर. ते पण रस्त्यानं नाही. नकाशावर सरळ रेषेत, मीटरमध्ये. म्हणजे आपण शाळा निवडतच नाही, आपण भाड्यानं घर निवडतो तेव्हाच शाळा आपल्याला निवडून बसलेली असते. मग अर्थातच चांगल्या शाळेच्या आजूबाजूच्या घरांची भाडी वर. फुकट शाळेची फी घरमालक घेतो, एवढंच.

दिन्यानं घर घेतलेलं स्टेशनच्या जवळ. त्या शाळेत मागच्या वर्षी शेवटचं पोर नऊशे मीटरवरचं घेतलेलं, आणि दिन्याचं घर भरत होतं साडेअकराशे. आप्पांनी फोनवर नकाशा उघडला, दोन बोटांनी रेडिंग मोठं केलं आणि रात्री जेवण होईपर्यंत ती अंगठ्याएवढी गल्ली बघत बसले.

"मोजूलेत कुठनं ते? पुढच्या दारानं?"

"घराच्या पत्त्यापासनं, आप्पा."

"मग मागच्या दारानं मोजायला सांग की. तिकडनं बाग ओलांडली की बरंच कमी होतंय."

दिन्या म्हणाला तसं सांगता येत नाही. आप्पांना हे नवीन होतं. आमच्याकडं काहीही सांगता येतं, ऐकणारा पाहिजे.

मग मी माझं डोकं चालवलं. म्हटलं वेटिंग लिस्टला नाव घाल, लवकर घातलंस तर वर राहशील. तर त्याचं उत्तर ऐकून मी थोडा वेळ बोललोच नाही. वेटिंग लिस्ट पण त्याच नियमानं लागते, आधी कोण आलं याला काही किंमतच नाही. तुम्ही दोन नंबरवर असलात आणि उद्या कोणी शाळेच्या शेजारी राहायला आलं की तुम्ही तीनवर. म्हणजे पहाटेची लाईन, कानटोपी, थर्मासमधला चहा सगळं वाया. एका अख्ख्या पिढीच्या बापांचं कौशल्य त्या देशात काहीच कामाचं नाही हो.

आईनं शेवटचा पत्ता टाकला. "हेडमास्तरणीला कुंदा द्या अर्धा किलो. आम्ही पाठवतो." दिन्या म्हणाला, आई, इथं भारतातनं दुधाचं काही आणायला बंदी आहे. कुंदा चालत नाही असला कसला देश, यावर आई आणि काकूंचं एकमत झालं. मग करदंट? गोकाकचा, त्यात दूध नाही, डिंक, गूळ, सुकामेवा. स्मितानं मान हलवली, शाळेत सुक्या मेव्याला बंदी, कुठल्याही पोराला ॲलर्जी असू शकते. आई म्हणाली, "मग त्यांना लाडीगोडी लावायची तरी कशानं?" प्रश्न बरोबर होता.

मध्येच चर्चच्या शाळेचं निघालं. चर्चची, पण सरकारी पैशावर चालणारी, म्हणजे फुकटच. तिथं काही शाळांमध्ये नियमित चर्चला जाणाऱ्यांना आधी घेतात, पाद्र्याची सही लागते. दिन्या हसत सांगत होता, पण आई गंभीर. तिचं म्हणणं, ओमकार कॅम्पातल्या शाळेत रोज सकाळी येशूची प्रार्थना म्हणतोय, काय बिघडलं? रविवारी जायचं चर्चला, एकादशीला उपास आहेच. आप्पा माळकरी. ते उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले, कॉल संपल्यावरच आत आले.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना आवडली. तिथं वर्ग वयावर ठरतो, ३१ ऑगस्ट ही रेघ. सईला जुलैत सहा पूर्ण झालेली, इथं नुकती पहिलीत बसलेली, तर तिथं थेट दुसरीत. परीक्षा नाही, मुलाखत नाही, आईबाप ग्रॅज्युएट आहेत का हे पण कोणी विचारत नाही. आईनं गल्लीत 'सईला डबल प्रमोशन' म्हणून सांगितलं, आणि जो कुंदा इंग्लंडला जाऊ शकत नव्हता तो इथं वाटला. दुसरीपर्यंत दुपारचं जेवण पण शाळेतच, सगळ्यांना फुकट. काकू म्हणाल्या म्हणजे आपल्या सरकारी शाळेतल्या अक्षर दासोहसारखं. तसंच, फक्त तिकडं ते डॉक्टरची पोरं पण खातात.

अर्ज भरताना स्मितानं मुद्दाम आप्पांना फोन केला. एक रकाना होता, घरी बोलायची भाषा. आप्पांनी २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या खटल्याची प्रत्येक तारीख पाठ केलेली, दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जातात, गुडघे दुखत असले तरी. आणि नातवंडं सगळी इंग्रजी मीडियमला, तो भाग वेगळा, त्यावर घरात बोलायचं नाही.

"पुरावा काय मागतात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आप्पा, नुसतं लिहायचं."

"नुसतं लिहायचं?" हे त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "लिही की मग. मोठ्या अक्षरात लिही."

मागनं आई म्हणाली, कन्नड पण लिही, पोरगी खालच्या अक्कांशी कन्नडच बोलायची. आप्पा म्हणाले रकाना एकच आहे. स्मितानं सांगितलं जागा आहे आप्पा, दोन्ही बसतात. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण अर्ज भरून झाल्यावर फोटो पाठव म्हणाले.

'आउटस्टँडिंग' काही मिळाली नाही. कौन्सिलनं दिली ती 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' वालीच. लहान पोरांच्या वर्गात एका शिक्षकामागं तीसच पोरं असा तिथं कायदा आहे, त्या वर्गात एकोणतीस होती, आमची सई तिसावी. ओमकारच्या वर्गात अठ्ठावन्न आहेत आणि त्या शाळेत सुधारणेची गरज आहे असं आजवर कुणी लिहून दिलेलं नाही. सईला शाळा आवडली. दिन्या अधूनमधून अजून त्या घोड्याचा विषय काढतो, स्मिता काढू देत नाही.

आप्पा आता गल्लीतले तज्ज्ञ झालेत. परवा चव्हाट गल्लीतले एक ओळखीचे आले, मुलगा मँचेस्टरला चाललाय, नातवाच्या शाळेचं विचारायला. आप्पांनी पाय वर घेऊन, पान जमवत, "घर घेतलास काय आधी? चुकलास की मर्दा!" इथपासनं सुरुवात करून त्यांना तासभर सरळ रेषा समजावली.

आणि त्याच आठवड्यात ओमकारच्या शाळेचा कागद आला. फी वाढलेली, वर स्मार्ट क्लासचे वेगळे. बायको कागद वाचून झाल्यावर आप्पांचा फोन घेऊन बसली, त्यांच्याकडनंच शिकलेली ती, नकाशावर बोट ठेवून मोजणं.

"आपल्या दारापासनं सरकारी मराठी शाळा एकशे ऐंशी मीटर," ती म्हणाली. "सरळ रेषेत. आणि मागच्या दारानं गेलं तर त्याहून कमी."

ती आप्पांची शाळा. चौथीपर्यंत तिथंच होते ते, अजून कौलं तीच आहेत.

"ते वेगळं गा," आप्पा म्हणाले, आणि बातम्या लाव म्हणून ओमकारला हाक मारली.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात बसून ऑनलाईन फी भरली. फीवर जीएसटी नव्हता, आप्पांचं बरोबर होतं. ऑनलाईन भरायचे म्हणून जे वेगळे घेतात, त्यावर होता.