‘सर्व्हरला हात लावलेला नसतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

ईआरपी (कंपनीचे हिशोब, स्टॉक, खरेदी-विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, नेण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या लेखावर चिडला आहात.

इतरांना संदर्भ लागावा म्हणून आपलेच शब्द देतो: “क्लाउडची भलामण करणाऱ्या बहुतेकांनी जन्मात सर्व्हरला हात लावलेला नसतो. व्हेंडरचं माहितीपत्रक उतरवून काढलं म्हणजे लेख होत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर डेटा आपल्या ताब्यात असतो. क्लाउड म्हणजे भाड्याचं घर, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. भाडं वाढतच जाणार, नेट गेलं की काम ठप्प. आणि एसएपी ईसीसीचा सपोर्ट २०२५ला नव्हे, २०२७ला संपतो.”

आधी शेवटचं. ईसीसी म्हणजे एसएपी कंपनीचं जुनं ईआरपी, आणि त्याच्यासाठी २०२७ बरोबर आहे. मूळ मुदत २०२५ची होती, एसएपीने फेब्रुवारी २०२०मध्ये ती पुढे ढकलली आणि जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी २०३०पर्यंत सोय ठेवली. लेखात तशी दुरुस्ती केली आहे, आभार. फक्त ही मुदतवाढ एन्हान्समेंट पॅकेज (ईसीसीवर टप्प्याटप्प्याने आलेल्या सुधारणा) ६ आणि त्यापुढच्यांना आहे. ५ किंवा त्याखाली राहिलेल्यांना २०२५ची अखेरच लागू. चूक काढायचीच तर पुरती काढावी, एवढंच म्हणतो.

आता ‘हात लावलेला नसतो’ हे वाक्य. आपण ‘बहुतेकांनी’ असा शब्द वापरला आहे, म्हणजे उद्या ‘तुम्हाला नव्हतो म्हणालो’ असं म्हणायला वाट मोकळी. पण लेख माझा, प्रतिक्रिया माझ्या लेखाखाली, तेव्हा ते मलाच उद्देशून आहे हे कळायला फार डोकं लागत नाही.

माझी नोकरीची सुरुवातच सर्व्हर रूममध्ये झाली. रूम म्हणायची एवढंच. एका कारखान्यात, नाव घेत नाही, ईआरपीचा सर्व्हर स्टेशनरीच्या खोलीत होता. रेड-५वर, म्हणजे एकत्र जोडून एकच साठा केलेल्या, चार डिस्क. त्यातल्या एकीचा केशरी दिवा कधीचा लागलेला, पण रॅकच्या पुढ्यात जुन्या व्हाउचरच्या फायलींचे खोके छातीपर्यंत रचलेले, त्यामुळे तो दिसणार कुणाला? रेड-५ एक डिस्क गेली तर तग धरतो, दुसरी गेली की संपलं. आम्हाला बोलावणं आलं तेव्हा तिथल्या माणसाने नवी डिस्क घालून रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर पुन्हा तयार करणं, सुरू केलेलं होतं. रिबिल्डमध्ये उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. तिन्ही एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या. त्यातली एक वाटेतच गेली.

बॅकअप होता का? होता. रोज रात्री व्हायचा, लॉगमध्ये ‘सक्सेसफुल’ अशी ओळ यायची. डी ड्राइव्हवरून ई ड्राइव्हवर. दोन्ही त्याच चार डिस्कच्या ॲरेवर.

त्यानंतर अकाउंट्सची माणसं छापील बिलांचे गठ्ठे समोर घेऊन एकेक नोंद पुन्हा टाइप करत बसलेली मी पाहिली आहेत. देणेकऱ्यांच्या नोंदी कशाबशा जुळल्या. स्टॉक जुळलाच नाही, शेवटी गोडाऊन मोजून ओपनिंग बॅलन्स नव्याने टाकावा लागला. डेटा त्यांच्या ‘ताब्यात’च होता हो, कुलूपबंद खोलीत, किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. कुठल्या व्हेंडरच्या माहितीपत्रकात हा प्रसंग आपण वाचलात ते सांगा, मीही वाचेन.

लहान कारखान्याचं सोडा म्हणाल, तर मर्स्क घ्या. जून २०१७मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम आला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि जगभर जहाजं चालवणारी ही कंपनी आडवी झाली. सर्व्हर त्यांचेच. बऱ्याच सर्व्हरचे बॅकअपही होते. पण कोणाला कुठे लॉगिन करता येईल याची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांचेच बॅकअप आहेत असं धरून चाललेलं, आणि ते सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला, कारण तिथे नेमकी वीज गेलेली होती. पुढे सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी नव्याने उभे करावे लागले. स्वतःच्या ताब्यातली यंत्रणा वाचली ती वीज गेल्यामुळे. आता बोला.

आपल्या प्रतिक्रियेखाली ‘सहमत’ लिहिणाऱ्या मंडळींपैकी एकाने फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची आग काढली आहे. खरी गोष्ट आहे. मार्च २०२१मध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर तिथे जळून गेलं आणि ज्यांनी बॅकअपही तिथेच ठेवलेले त्यांचा डेटा गेला. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड एका चुकीच्या सेटिंगपायी पुसलं गेलं हे मीच सांगून टाकतो, म्हणजे आपल्याला शोधायला नको. ते उभे राहिले, त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा हात होता. माझ्या लेखात ‘बॅकअप दुसऱ्या व्हेंडरकडे ठेवा’ हा अख्खा परिच्छेद आहे. तो वाचला असतात तर निम्मी प्रतिक्रिया वाचली असती.

खिळ्याचं म्हणाल, तर तो मालकाला विचारावा लागतो हेच बरं. लिडल या सुपरमार्केट साखळीने काय केलं? मालाचं मूल्य खरेदीच्या किमतीने धरायची त्यांची पद्धत, एसएपीच्या रिटेल पॅकेजची घडण विक्रीच्या किमतीवर. पद्धत बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले, आणि २०१८मध्ये सात वर्षांचा प्रकल्प गुंडाळला. खर्च पन्नास कोटी युरोच्या घरात गेल्याचं छापून आलं होतं. ते प्रकरण क्लाउडचं नव्हतं, मुद्दा तोच आहे. ओरॅकल फ्यूजनसारख्या क्लाउड ईआरपीला दर तीन महिन्यांनी अपडेट येतं, तुम्हाला हवं असो वा नसो. गाभ्यात हात घालून काही बदलायची तिथे सोयच नाही, म्हणून तर ते अपडेट पचतं. तरीही आधी चाचणीच्या (टेस्ट) यंत्रणेवर महिनाअखेरचं क्लोजिंग चालवून बघायचं, मग प्रॉडक्शन, म्हणजे रोजच्या कामाची यंत्रणा. एवढीही शिस्त नको असेल तर खुशाल स्वतःचा सर्व्हर ठेवा.

भाडं वाढतं, मान्य. पण तुलना करताना हार्डवेअर बदलणं, डेटाबेसचं लायसन्स, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आणि रात्री दोनला फोन उचलणारा माणूस हे सगळं दुसऱ्या बाजूला मांडा, नुसती सर्व्हरची किंमत नको. नेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या. याहून जास्त लिहावं असं त्या दोन मुद्द्यांत मला काही दिसलं नाही.

आणि ‘व्हेंडर’ या शब्दाबद्दल. मी कुठल्याही क्लाउड कंपनीचा पार्टनर नाही, रेफरलचा एक पैसा घेत नाही. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यावर असा आरोप टोपणनावाआडून करायला धाडस लागत नाही. प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा आपल्या ताब्यातल्या सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून शेवटचा कधी पाहिलात, ती तारीख तेवढी सोबत टाका.