विंडोज-लिनक्स वादात तर्कशास्त्र आणायचंच असेल तर

विंडोज आणि लिनक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टीम्सपैकी चांगली कुठली, या वादात 'हा तर्कदोष आहे' एवढं लिहून मोकळे होणारे खूप. त्याने इतकंच ठरतं की दिलेल्या आधारांवरून तो निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष खोटा आहे, हे त्यावरून ठरत नाही. खरं काम समोरच्याने न बोललेलं आधारविधान लिहून काढण्याचं.

'लिनक्सचा कोड खुला (कुणालाही वाचता येणारा) आहे, म्हणून लिनक्स सुरक्षित.' इथे मधली ओळ गाळलीय: 'ज्याचा कोड खुला, ते सगळंच सुरक्षित.' ती लिहिली की युक्तिवाद वैध होतो (म्हणजे आधार मानले तर निष्कर्ष निघतोच) आणि लगेच कोसळतोही, कारण 'सगळंच' म्हटलं की एक प्रतिउदाहरण पुरतं. ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड खुलाच होता, तरी हार्टब्लीड नावाचा सुरक्षादोष २०१२ पासून २०१४ पर्यंत त्यात पडून होता. मग माघार सुरू होते: 'खुल्या कोडमधला दोष सापडण्याची शक्यता जास्त.' पटण्यासारखं आहे. पण आधार सौम्य केला तर निष्कर्षही सौम्य करावा लागतो, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. 'सुरक्षित' हा शब्द जागचा हलत नाही.

विंडोजविरोधकांची लाडकी चूक वेगळी. 'सिस्टीम कच्ची असेल तर व्हायरस शिरतो, विंडोजमध्ये शिरला, म्हणजे ती कच्ची.' 'तर'नंतरचं खरं निघालं म्हणून 'जर'नंतरचं खरं ठरत नाही, त्याला दुसरी कारणं असू शकतात. वॉनाक्राय हा फायली अडवून खंडणी मागणारा व्हायरस मे २०१७ मध्ये पसरला. त्याची वाट बंद करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. (विंडोज एक्सपीसारख्या जुन्या आवृत्त्यांसाठी ते हल्ल्यानंतरच सर्वांना खुलं झालं, हेही सांगायला हवं.) दोष विंडोजमध्ये होताच. पण अपडेट न टाकणं हे कारण त्या जर-तरमध्ये कुठेच नाही.

'आवश्यक' आणि 'पुरेसं' यांचा गोंधळ तर रोजचा. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) लागतं. म्हणून टीपीएम असलं की काम झालं, असं नाही: प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत हवा, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी.

'लिनक्सवर गेम चालत नाहीत.' कुठलेच की काही? प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर) एक गेम चालवून दाखवला की 'कुठलाच नाही' पडलं. 'सगळे चालतात' मात्र सिद्ध झालं नाही. व्हॅलोरंट हा गेम अडतो, कारण त्याचं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसतं.

राहिला 'चांगली कुठली?' हा प्रश्न. 'चांगली'ला तीन रिकाम्या जागा आहेत: कुठली सिस्टीम, कुठल्या कामाला, कुठल्या मशिनवर. एकही मोकळी राहिली तर खरं-खोटं ठरवायला विधानच तयार होत नाही. तिन्ही भरूनही 'मला कोड वाचता यायला हवा' विरुद्ध 'मला फोटोशॉप हवं' एवढंच उरलं, तर कृपा करून सत्यतासारणी (विधानं कधी खरी, कधी खोटी हे दाखवणारा तक्ता) मांडायला बसू नका.