सत्यप्रतींची उतरंड

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळात समोरच्याने ‘याची कॉपी करतो’ म्हटलं की मी आधी पाणी पिऊन घेतो. कोण कोणाची झेरॉक्स, हे ठरवण्यात पुढची दहा मिनिटं जाणार असतात.

स्टॅक म्हणजे खेळलेल्या स्पेलची (मंत्रांच्या कार्डांची) उतरंड. शेवटी ठेवलेलं मडकं आधी निघतं. ३ डॅमेज देणाऱ्या लाइटनिंग बोल्टवर कॉपी करणारा ट्विनकास्ट टाकला की आधी ट्विनकास्ट रिझॉल्व्ह होतो, म्हणजे अमलात येतो, बोल्टची कॉपी बोल्टच्याच डोक्यावर बसते आणि मूळ कार्डाआधी ३ डॅमेज देऊन मोकळी होते. त्यानंतर कोणी मूळ बोल्ट काउंटर केला, म्हणजे रद्द केला, तरी कॉपीला ढिम्म फरक पडत नाही. पण ट्विनकास्ट स्टॅकवर असतानाच बोल्ट उडवला, तर ट्विनकास्टला टार्गेटच उरत नाही. एका काउंटरमध्ये माझी दोन कार्डं गारद. शहाणे लोक नेमकं हेच करतात, म्हणून मी शहाण्यांशी फारसा खेळत नाही.

कॉपीला X (निवडलेला आकडा), किकर (जादा किंमत मोजून घेतलेला फायदा), मोड (निवडलेला पर्याय) आणि टार्गेट आयतं मिळतं. कार्डावर मुभा लिहिली असेल तर टार्गेट बदलता येतं, X नाही. फ्लिंगमध्ये आपला एक क्रीचर (प्राणी) बळी देऊन त्याच्या ताकदीइतकं डॅमेज देतात; त्याची कॉपी केली तर दुसरा बळी द्यावा लागत नाही. गेलेल्या बिचाऱ्याचीच ताकद दोनदा फेकून मारायची.

खरी मेख आहे ‘कास्ट’ (स्पेल रीतसर खेळणं) या शब्दात. अशी कॉपी कास्ट होत नाही, स्टॅकवर नुसती उगवते. म्हणून ‘स्पेल कास्ट कराल तेव्हा’ असं लिहिलेली कार्डं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि टर्नमध्ये किती स्पेल कास्ट झाले ते मोजणाऱ्या स्टॉर्ममध्ये ती धरत नाहीत. २०२१च्या स्ट्रिक्सहेवन या कार्डसंचातली मेजक्राफ्ट ही क्षमता मात्र कास्टलाही जागी होते, कॉपीलाही.

हा फरक विसरणाऱ्यांचं गणित डबलकास्टवर आपटतं. डबलकास्ट म्हणतो, या टर्नमध्ये पुढचा इन्स्टंट किंवा सॉर्सरी (स्पेलचे दोन प्रकार) कास्ट कराल तेव्हा त्याची कॉपी करा. लागोपाठ तीन डबलकास्ट आणि मग बोल्ट; लोक छातीठोकपणे आठ बोल्ट मोजतात. मिळतात चार. पहिल्याने एका कॉपीची उधारी ठेवली. दुसरा कास्ट होताच ती वसूल झाली. एक कॉपी आणि एक मूळ, म्हणून उधारी दोन. तिसऱ्याने त्या दोन्ही खाल्ल्या आणि तीन ठेवल्या. बोल्टला तीन कॉपी, चौथा तो स्वतः. हे पटवायला मला दरवेळी कागद लागतो.

फोर्क हा या कॉपी करणाऱ्या घराण्यातला मूळपुरुष, १९९३चा. त्याची कॉपी लाल रंगाची होते, निळ्या काउंटरस्पेलचीसुद्धा. बोल्टवर पहिला फोर्क, त्या फोर्कवर दुसरा. दुसरा रिझॉल्व्ह झाला की पहिल्याची कॉपी मिळते. तिचं टार्गेट बदलून पहिलाच फोर्क करायचा. ती रिझॉल्व्ह झाली की आणखी एक कॉपी, टार्गेट तेच. टेबलावर मेजक्राफ्टवालं विदरब्लूम अप्रेंटिस हे कार्ड असेल तर प्रत्येक कॉपीला समोरच्याचा एक लाइफ जातो. ‘अनंत वेळा’ म्हणून चालत नाही, आकडा सांगावा लागतो. समोरच्याचे लाइफ सुरुवातीला सहसा २० असतात, तरी हौशी माणूस ‘दहा लाख’ म्हणतो.

शहाणा ते शांतपणे ऐकून घेतो, तिसऱ्या कॉपीपाशी थांबवतो आणि तळाशी निवांत पडलेला पहिला फोर्क काउंटर करतो. वरची कॉपी टार्गेटवाचून विरते, आणि दहा लाखांतला एक साधा बोल्ट तेवढा खाली उरतो. ३ डॅमेज.