सापाला हात लावला म्हणजे साप कळला?

श्रावण जवळ आला की, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताहाच्या निमित्ताने, शिक्षकांच्या आणि पालकांच्या गटांतून एक मजकूर हटकून फिरू लागतो. त्याचा आशय असा : मुलांच्या मनातली सापाची भीती घालवायची असेल तर जिवंत साप शाळेत आणून त्यांच्या हातात द्यावा, पुस्तकातल्या चित्राने जे होत नाही ते एका स्पर्शाने होते, त्यातून अंधश्रद्धाही जाते, बिनविषारी साप हाताळण्यात धोका नाही, आणलेले साप लोकांच्या घरांतून पकडून वाचवलेलेच असतात, त्यामुळे त्यांचे काही बिघडत नाही, आणि हेतू शैक्षणिक असल्याने कायदाही आड येत नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची कळकळ खोटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण विज्ञानाचा शिक्षक म्हणून काही वर्षे असे कार्यक्रम भरवण्यात मीच पुढाकार घेत होतो. तो मी का सोडला, हे त्यातल्या एकेका मुद्द्याला धरून सांगतो.

पहिला मुद्दा भीतीचा. हातात साप घेतलेल्या मुलाची भीती त्या क्षणी कमी होते हे मला मान्य आहे. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. प्रश्न असा की नेमकी कोणती भीती कमी होते आणि तिच्या जागी काय येते. एका कार्यक्रमात सर्पमित्र दादांनी मुलांना कवड्या दाखवला होता. हा बिनविषारी साप घराच्या भिंतींवर पालींच्या मागे हिंडतो, अंगाने बारीक असतो आणि त्याच्या गडद तपकिरी अंगावर पांढुरके आडवे पट्टे असतात. मुलांनी तो आळीपाळीने मनगटाला गुंडाळून घेतला. आता याच वर्णनात रंग थोडा काळा करा आणि पट्टे थोडे बारीक करा, म्हणजे मण्यार डोळ्यांसमोर येतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, तर मण्यारचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात आणि डोक्याकडे विरळ होतात; शिवाय मण्यारच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. हा फरक मी वर्गात फळ्यावर काढून समजावू शकतो. परंतु रात्री दिवा गेलेल्या खोलीत अंथरुणाजवळ पट्ट्यापट्ट्यांचे काही वळवळताना दिसले, तर दहा वर्षांच्या मुलाला मध्यरेषेवरच्या खवल्या आठवणार नाहीत. त्याला आठवेल ते एवढेच, की आपण असला साप शाळेत हातात घेतला होता आणि काही झाले नव्हते. मण्यार मुख्यतः रात्री आणि बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चाव्याच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसते, त्यामुळे पापण्या जड होऊन श्वास अडखळू लागेपर्यंत घरच्यांना कळतही नाही. घोणस आणि अजगराचे पिल्लू, घोणस आणि डुरक्या घोणस, फुरसे आणि मांजऱ्या, अशा फसव्या जोड्या महाराष्ट्रात आणखीही आहेत, आणि त्यांत चुकणाऱ्यांमध्ये अनुभवी माणसेही असतात.

भारतातल्या मृत्यूंच्या एका विस्तृत अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुसंख्य ग्रामीण भागातली होती. ज्या देशात हे घडते तिथे सापाची भीती हा निव्वळ अडाणीपणा मानून चालणार नाही. दिसेल त्या सापाला काठीने ठेचण्याची सवय घालवायची असेल तर सापापासून दोन पावले मागे सरून मोठ्या माणसाला हाक मारण्याची सवय लावली पाहिजे, आणि साप हातात देणारा कार्यक्रम नेमकी हीच सवय मोडतो. बिनविषारी सापच हातात देतात आणि विषारी लांबूनच दाखवतात, हा युक्तिवाद यामुळेच टिकत नाही. हाताला विषारी आणि बिनविषारी यांतला भेद कळत नाही, त्याला फक्त उचलण्याची सवय लागते.

दुसरा मुद्दा सापाचा. तो ‘वाचवलेला’ असतो, म्हणून त्याचे काही बिघडत नाही, असे म्हटले जाते. माझ्या शेवटच्या कार्यक्रमात एक धामण होती, जवळजवळ सहा फूट लांब. ती प्लॅस्टिकच्या बरणीतून बाहेर काढली तेव्हा तिने मान फुगवली आणि घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढला, मुले हसली. मग ती रांगेतून फिरू लागली. पाचव्या की सहाव्या मुलाच्या हातात असताना तिने त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर घाण दुर्गंधीचा स्राव सोडला, आणि “शू केली, शू केली” म्हणून सगळा वर्ग खदखदला. दादाही हसले आणि म्हणाले, “बघा, ती तुम्हाला किती घाबरली!” ते बरोबरच बोलत होते. मान फुगवणे, गुरगुरणे आणि शेवटी हा स्राव, एवढेच धामणीजवळ होते, आणि तिने ते क्रमाने सगळे वापरून पाहिले. कार्यक्रम संपल्यावर बरणीत ठेवलेल्या धामणीने अर्धवट पचलेला बेडूक ओकून टाकला. सापाचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते आणि गिळलेले भक्ष्य पचायला त्याला दिवस लागतात. पोट भरलेल्या सापाला हाताळले की तो अनेकदा ते ओकतो, म्हणजे कष्टाने मिळवलेले जेवण वाया जाते. ‘काही बिघडत नाही’ हे वाक्य मी त्या बरणीकडे बघत असताना पहिल्यांदा मनात उलटे फिरवून पाहिले.

त्यानंतरची गोष्ट मुलांना कधीच दिसत नाही. घरातून पकडलेला साप कार्यक्रमासाठी चार-आठ दिवस, कधी अधिकही, बरणीत किंवा पिशवीत राहतो, आणि मग सोयीच्या एखाद्या रानात सोडला जातो. सापाला आपले बीळ, आपली शिकारीची जागा आणि थंडीत दडण्याची जागा ठाऊक असते. अनोळखी रानात तो या जागा शोधत भटकत राहतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात टिंबर रॅटलस्नेक या सापांवर रेडिओ-यंत्रे बसवून केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात नव्या जागी नेऊन सोडलेल्या सापांपैकी निम्म्याहून अधिक मेले, तर मूळ जागीच राहिलेल्यांत हे प्रमाण त्याच्या पावपटही नव्हते. तो साप आपल्याकडचा नाही हे खरे. परंतु आपली जागा ओळखून जगणे ही त्या एकाच सापाची खासियत नव्हे. ज्या सर्पमित्रांना मी मानतो ते साप पकडल्यावर वन विभागाला कळवतात आणि शक्य तितक्या जवळच्या सुरक्षित जागी, शक्य तितक्या लवकर सोडतात. त्यांच्या बरणीत शाळेसाठी राखून ठेवलेला साप सापडत नाही.

कायद्याचा मुद्दा तर मजकुरात सर्वांत बेफिकीरपणे मांडलेला असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच प्राणी पकडणे येते, त्याला मारलेच पाहिजे असे नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि त्यानंतर नाग, घोणस, धामण आणि दिवड हे आपल्या ओळखीचे साप पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या रांगेत. त्यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैदेची तरतूद आहे. अधिनियमाच्या कलम १२ मध्ये ‘शिक्षण’ हे कारण आहे, हे खरे. मजकूर लिहिणारे तेवढाच शब्द वाचून थांबतात. ते कलम मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवान्याबद्दल आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी त्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवण्याच्या तिथल्या प्रथेला मुंबई उच्च न्यायालयाने आवर घातला, आणि २०२५ मध्ये शिक्षणाच्या कारणाखाली मोजक्या लोकांना नाग पकडू देण्यात आले तेव्हा ती परवानगी थेट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडून यावी लागली. त्या परवानगीबद्दल माझे मत अनुकूल नाही, पण ते बाजूला ठेवू. पिढ्यान्‌पिढ्या नाग पकडणाऱ्या गावाला जिथे दिल्लीपर्यंत जावे लागते, तिथे मुख्याध्यापकांच्या तोंडी होकाराने काम भागते असे समजणे धाडसाचे आहे.

अंधश्रद्धेच्या मुद्द्यावर मी थोडक्यात आटोपतो. साप दूध पीत नाही, पुंगीच्या सुरावर नव्हे तर तिच्या हालचालीवर डोलतो, आणि तो डूख धरत नाही, हे सांगायला समोर साप असावा लागत नाही. उलट एक गंमत आहे. या कार्यक्रमांत मुलांना सर्वांत लाडका असतो मांडूळ, कारण तो चावत नाही, वेटोळे करून डोके खाली लपवतो आणि बोथट शेपूट वर धरतो. हाच तो ‘दुतोंड्या’, ज्याच्या घरी असण्याने पैसा येतो अशा समजुतीपायी त्याची वजनावर बोली लावून तस्करी होते. त्याला बिनधास्त हाताळता येते हे आपण दरवर्षी शेकडो मुलांना शिकवतो, आणि तस्कराला हवे असते ते हेच. आरोग्याचे म्हणाल तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू सहज असतात, आणि आपल्या शाळांत साप हाताळून झाल्यावर साबणाने हात धुण्याची रांग मी तरी कधी पाहिली नाही. पुढच्या तासाला डबे उघडलेले मात्र पाहिले आहेत.

राहिला सर्वांत वजनदार मुद्दा : प्रत्यक्ष प्राणी पाहिल्याशिवाय निसर्ग शिकता येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. एके काळी वर्गातल्या बेडकाच्या विच्छेदनाचे समर्थनही याच वाक्याने होत असे, तरीही वाक्य चूक नाही. चूक आहे ती ‘पाहणे’ आणि ‘हातात घेणे’ यांना एकच समजण्यात. धामण फिरली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलांना दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. बहुतेक वह्यांत दादांचे धाडस होते, त्यांच्या हातावरचे चाव्याचे वण होते, आपण न घाबरल्याची फुशारकी होती. धामण काय खाते, शेतकऱ्याच्या उंदरांशी तिचा काय संबंध, ती दिवसा हिंडते की रात्री, यातले जवळजवळ काही नव्हते. एका मुलीने कार्यक्रमात विचारले होते, “ही आता घरी कशी जाणार?” तिला फोटोसाठी सरकून उभे राहायला सांगण्यात आले.

त्या पावसाळ्यात मी शाळेच्या कुंपणाजवळच्या लिंबाच्या झुडपापाशी वर्ग नेऊ लागलो. पानावर पाखराच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका म्हणजे फुलपाखराची अळी आहे यावर पहिल्या दिवशी कोणी विश्वास ठेवला नाही. चार-पाच दिवसांनी कात टाकून ती हिरवी झाली, आणि एकाने काडीने डिवचल्यावर तिने डोक्यामागून लाल शिंग बाहेर काढले, तेव्हा त्याच्या वासाने सगळे मागे सरले. आपले राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी, लिंबूवर्गातल्या झाडांवरच वाढते हे सांगितल्यावर झुडपाला राखणदार नेमण्यात आले. अळ्यांपैकी काही पक्ष्यांनी खाल्ल्या, एक कोष काळा पडला, दोन फुलपाखरे निघाली. यातल्या कशालाही आम्ही हात लावला नाही, आणि मुलांच्या वह्या त्या महिन्यात अळीनेच भरल्या होत्या, माणसाने नव्हे.

सापही असा दाखवता येतो. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा समाजाच्या सापपकड्यांची सहकारी संस्था १९७८ पासून चालते. प्रतिविषासाठी विष काढण्याचे काम लोक तिथे अंतरावरून पाहतात, कोणाच्या हातात साप दिला जात नाही, आणि विष काढून झाल्यावर काही आठवड्यांनी साप पुन्हा रानात सोडतात. पुण्याच्या कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान आहे, तिथे काचेपलीकडचा नाग तासभर बघता येतो. आणि आपल्या शाळेच्या आवारात सापाची कात सापडते. ती हातात घ्यायला काहीच हरकत नाही : डोळ्यांवरची काचेसारखी खवल मुलांना तिच्यावर दिसते, पोटाच्या रुंद पट्ट्या मोजता येतात, आणि कात कुठल्या फटीत अडकली होती हे पाहून साप कुठून आला तेही कळते.

ही फट महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळात वायनाड जिल्ह्यातल्या सुलतान बत्तेरी येथे पाचवीतल्या एका मुलीला वर्गातच साप चावला आणि ती दगावली. वर्गात भोक होते, आणि तिला दवाखान्यात नेण्यास उशीर झाल्याच्या आरोपावरून शिक्षकाचे निलंबन झाले. त्या बातमीनंतर आम्ही मुलांकडून शाळेचा नकाशा काढून घेतला : कुठल्या भिंतीला बीळ आहे, मध्यान्ह भोजनाचा तांदूळ कुठे सांडतो, उंदीर कुठून येतात, लाकडांचा ढीग कुठे आहे. फटी सिमेंटने बुजवल्या. ब्लेडने कापू नये, करकचून दोरी बांधू नये, चावलेला हात-पाय हलवू न देता थेट रुग्णालय गाठावे, हे मुलांकडून करवून घेतले. कार्यालयाच्या दारावर ग्रामीण रुग्णालयाचा फोन क्रमांक आहे, आणि दर जूनमध्ये सातवीतली दोन मुले तिथे फोन करून प्रतिविषाच्या कुप्या शिल्लक आहेत का ते विचारतात आणि उत्तर तारखेसह फळ्यावर लिहितात.