गिरणेचा खड्डा कोण मोजणार?

परवा महादेवाच्या घाटावर पाय धुवायला उतरलो, तर शेवटची पायरी अधांतरी. खाली वाळूच नाही. माझ्या लहानपणी खालच्या दोन पायऱ्या वाळूत गाडलेल्या असायच्या, आम्ही पोरं उकरून त्या शोधायचो. आता पायरीखाली पुरुषभर पोकळी आहे आणि दगडांच्या सांध्यांतून माती ओघळते आहे.

गिरणा नदीच्या काठच्या माणसाला वाळू म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी चार दिवसांत पुढे तापीकडे निघून जातं, मागे राहतं ते वाळूच्या पोटात मुरलेलं. त्याच्यावर आमच्या विहिरी, केळीचे बाग, गावाची नळयोजना. आमच्या विहिरीवर ऐन मे महिन्यात मोटार दोन-दोन तास चालायची. गेल्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात विहीर उपसली जायची.

लोक म्हणतात, हा वाळूउपसा रोखायला कायदाच नाही. मला हे पटत नाही. कायदा भरपूर आहे आणि चांगला आहे. 2012 साली दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 5 हेक्टरपेक्षा लहान वाळूघाटालासुद्धा, म्हणजे उपशासाठी दिलेल्या पात्राच्या तुकड्याला, पर्यावरण मंजुरी लागेल. 2016 मध्ये जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा नियम आला: कुठल्या नदीत किती वाळू आहे, किती उचलता येईल, हे आधी लिहून काढा. 2020 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची मोजणी आहे, म्हणजे नदीने किती वाळू परत आणून टाकली ते कळावं. मंजुरीच्या अटींत खोलीची मर्यादा असते, पूल आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासूनचं अंतर असतं. 10 जून ते 30 सप्टेंबर उपसा बंद. एवढं सगळं कागदावर आहे, आणि ते माझ्यासारख्या शेतकऱ्याने वाचलं तरी समजतं.

पण प्रत्यक्षात कायदा नदीत उतरतच नाही, तो रस्त्यावर उभा असतो. ट्रॅक्टर पकडला की पावती आहे का, बारकोड आहे का, जीपीएस चालू आहे का, किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरली. दंडही ब्रासवर. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. दंड वाळूच्या किमतीवर ठरतो, आमच्या आटलेल्या विहिरीची किंमत त्यात कुठेच धरली जात नाही. आणि पावती खरी असेल तर गाडी सुटते, मग ती वाळू घाटाच्या हद्दीतली असो की पुलाच्या खांबाशेजारची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तक्रारीवरून पंचनामा झाला. तलाठी आप्पा आणि सर्कल साहेब आले, मी पंच म्हणून सही केली. त्यात लिहिलं होतं, 'अज्ञात इसमांनी नजरअंदाजे 40 ब्रास वाळू उत्खनन केल्याचे दिसून येते.' मी म्हणालो, आप्पा, टेप घ्या, खड्डा मोजू. आप्पा भला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, "भाऊ, माझ्याकडे चार गावं आहेत. टेप माझ्याकडे नाही, आणि मागच्या वर्षी पात्र कुठपर्यंत होतं त्याचा कागदही माझ्याकडे नाही. मी कशाशी मोजू?"

त्याचं हे उत्तर मला विसरता येत नाही. आधीचं मापच नसेल तर कितीही मोठा खड्डा 'नजरअंदाजे'च राहणार. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: नदी किती वाळू परत आणते याचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल मंजुरीसाठी चालणार नाही. आता हा निकाल गिरणेच्या काठावर किती पोहोचतो, ते आपल्याला बघायचं आहे.

दाद मागायची तर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्यात खंडपीठ आहे. अर्जाची फी 1000 रुपये, ती कोणीही भरेल. अडचण पुढे आहे. वादाचं कारण घडल्यापासून 6 महिन्यांत अर्ज व्हावा लागतो, फार तर आणखी 60 दिवस मिळतात. मराठी पंचनामे इंग्रजीत करून द्यायचे, वकील बघायचा, जळगावहून पुण्याच्या खेपा घालायच्या. कापूस वेचणीच्या हंगामात हे कोण करणार? आणि तिथेही पहिला प्रश्न तोच: पुरावा काय, आधी पात्र किती होतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मोजणी गावाने आपल्या हातात घ्यावी. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा 21 दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो, जिल्ह्याच्या वेबसाइटवरही. 5 हेक्टरपर्यंतच्या वाळूघाटाला सहसा जनसुनावणी नसते, त्यामुळे आपल्याला बोलायला हे 21 दिवसच मिळतात. आणि आपण ते दरवेळी लग्नाच्या पंगतीत बसून घालवतो. मीही घालवले आहेत, त्याचं मला वाईट वाटतं.

गेल्या रविवारी आम्ही सहा जण दोरी आणि टेप घेऊन घाटावर गेलो. शेवटच्या पायरीपासून वाळूपर्यंत 6 फूट 4 इंच भरलं. घाटाच्या भिंतीवर ऑइलपेंटने रेघ मारली, तारीख टाकली, फोटो काढले आणि ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये नोंद घ्यायला लावली. 10 जूनच्या आधी एकदा आणि सप्टेंबर संपल्यावर एकदा पुन्हा मोजणार आहोत. चाळीसगावपासून जळगावपर्यंत काठावर जी गावं आहेत, तिथल्या भावांनो, तुमच्याही घाटाला पायऱ्या असतील. मोजल्या तर आकडा मला कळवा, मी एका वहीत लिहून ठेवतो आहे.