त्या ताऱ्याच्या एक्स-रेला घाबरून गच्ची सोडू नका

सध्या आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरून राहिला आहे. म्हणे टी कोरोने बोरिॲलिस नावाचा तारा फुटणार, कायमचा संपणार, त्याचे घातक एक्स-रे रात्री १२ ते ३ मध्ये पृथ्वीवर येणार, मोबाइल बंद ठेवा, गच्चीवर झोपू नका, नासानं तारीखही दिली आहे. मे महिन्यात नागपुरात लाइन गेल्यावर गच्चीवर नाही तर झोपायचं कुठं बे?

आधी ते 'संपणार'. हा नोव्हा आहे, म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठभागावरचा स्फोट; अख्खा तारा उडवणारा सुपरनोव्हा नाही. हाच तारा १८६६ मध्ये भडकला, मग १९४६ मध्ये परत भडकला, पहिल्यांदाच संपला असता तर दुसऱ्यांदा कोण भडकलं? तिथं जोडी आहे, एक तांबडा राक्षसी तारा आणि एक श्वेत बटू, म्हणजे पृथ्वीएवढ्या गोळ्यात सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान. राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन बटूवर साचत जातो, तळाशी दाब वाढतो आणि तो थर एकदम पेटतो. दूध उतू जातं, गंज जागेवरच राहतो.

आता एक्स-रे, आणि इथंच खरी मजा आहे, कारण ज्याची भीती घालून राहिले तोच बटू शाबूत असल्याचा पुरावा आहे. उडालेला माल सुरुवातीला इतका दाट असतो की आतलं काही दिसत नाही, तो विरळ झाला की काही आठवड्या-महिन्यांनी लाखो अंशांवर तापलेला बटू एक्स-रेमध्ये दिसतो, उरलेला हायड्रोजन अजून जळतच असतो. सप्टेंबर २००२ चा व्ही ४७४३ सॅजिटेरी नावाचा नोव्हा घ्या. मार्च २००३ मध्ये नासाच्या अंतराळातल्या चंद्रा एक्स-रे दुर्बिणीनं (ज्यांनी श्वेत बटूच्या वस्तुमानाची मर्यादा काढली त्याच चंद्रशेखरांच्या नावाची) त्याचा वर्णपट घेतला, म्हणजे एक्स-रे तरंगलांबीप्रमाणे वेगळे करून पाहिले, तर कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजननं गिळलेल्या किरणांच्या काळ्या (शोषण) रेषा ठरल्या जागेवरून सरकलेल्या, त्यावरून निघालं की माल सेकंदाला सुमारे २,४०० किमीनं आपल्याकडे येऊन राहिला होता. आपल्याकडे म्हणजे आपल्या दिशेनं, पोचत नाही, घाबरू नका! वर एक्स-रेची तीव्रता साधारण २२ मिनिटांच्या लयीत कमी-जास्त होत होती. बटू उडून गेला असता तर हे सगळं आलं कुठून?

आणि हे एक्स-रे आपलं वातावरण वरच्या वर अडवतं. खालपर्यंत आले असते तर इस्रोनं २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट हा दुर्बिणींचा उपग्रह कशाला सोडला असता, इथल्या रमण विज्ञान केंद्राच्या छतावरच दुर्बीण लावली असती ना. त्याच ॲस्ट्रोसॅटवरच्या, मुंबईच्या टीआयएफआरनं (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बनवलेल्या एक्स-रे दुर्बिणीनं २०१९ चा व्ही ३८९० सॅजिटेरी नोव्हा पाहिला. ७ जुलै २०२० ला तर वायझेड रेटिक्युली या नोव्हाच्या स्फोटाची, माल दाट पसरायच्या आधीची, पहिली एक्स-रे चमकच इरोसिटा या अंतराळातल्या एक्स-रे दुर्बिणीनं पकडली, दर चार तासांनी नजर फिरत होती, एका फेरीत दिसली, आधीच्या आणि नंतरच्या फेरीत नाही. त्या दिवशी कोणाच्या मोबाइलला काही झालं काय?

१२ ते ३ चं तर काय बोलावं, सुमारे ३,००० प्रकाशवर्षांवरचा तारा नागपूरचं घड्याळ पाहून एक्स-रे सोडते काय! तारखेचंही तसंच. सप्टेंबर २०२४ पर्यंत होईल असा अंदाज होता, तो महिना गेला, काही झालं नाही. अंदाज म्हणजे मुहूर्त नव्हे.

भडकेल तेव्हा तो साधारण ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी दिसेल, म्हणजे शहरातूनही नुसत्या डोळ्यांनी. मे-जूनमध्ये मध्यरात्रीच्या आसपास स्वातीच्या पूर्वेला, जवळजवळ डोक्यावर, ताऱ्यांची छोटी अर्धगोल रांग दिसते, तिच्या कडेलाच शोधा. पण लवकर, कारण चारसहा दिवसांत तो इतका मंद होईल की परत दुर्बीण लागेल.