‘विशेष मुलासाठी शिक्षणाची बचत करू नका’ या मेसेजला उत्तर

बडोद्याच्या मराठी पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. मूल विशेष म्हणजे दिव्यांग असेल तर सुकन्या (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) आणि पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) यांच्या भानगडीत पडू नका. कॉलेजला गेलं नाही तर पैसे अडकतात, मुलाच्या नावावरचं व्याज शेवटी आईबापाच्याच उत्पन्नात धरतात. त्यापेक्षा थेरपीच्या पावत्या जपा, तेवढी करात सूट मिळते. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि जिथे घोडं खरंच अडतं ते मेसेजमध्ये नाहीच.

पैसे अडकतात? खातं काढल्यापासून २१ वर्षं झाली की सुकन्याची सगळी रक्कम मुलीची. ती शिकली की नाही, कुणी विचारत नाही. प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती लागते ती मधेच पैसे काढताना. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत काढता येतात, तेही फीच्या आकड्याइतकेच. स्पीच थेरपीचं बिल तिथे चालत नाही. शिवाय खातं नवव्या वर्षी काढलं, तर उरलेले पैसे ती ३० ची झाल्यावर. म्हणून सगळी बचत सुकन्यात नको, एवढं खरं.

थेरपीच्या खर्चाला पीपीएफ बरं. सातव्या आर्थिक वर्षापासून वर्षातून एकदा ठरावीक मर्यादेत पैसे निघतात, कारण द्यावं लागत नाही. मूल अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं असेल तर रक्कम त्याच्यासाठीच हवी, एवढं पालकानं लिहून द्यायचं. मात्र ‘माझे दीड लाख आणि मुलाचे वेगळे दीड लाख’ हा हिशेब चुकतो. पालकाचं आणि त्यानं चालवलेलं अज्ञान मुलाचं खातं मिळून वर्षाला दीडच लाख. वरच्या रकमेला व्याज नाही.

व्याज पालकाच्या उत्पन्नात धरतात, हा नियम इतर मुलांसाठी. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या अज्ञान मुलाचं व्याज त्याचं स्वतःचं उत्पन्न समजतात. गोची होते ती एफडीला बापाचा पॅन जोडल्यामुळे: व्याज त्याच्याच नावावर दिसतं. मुलाचा पॅन आधी काढा, मग एफडी.

पावत्यांचं म्हणाल तर दिव्यांग मुलाच्या खर्चापोटी पालकाच्या उत्पन्नातून मिळणारी जुन्या करप्रणालीतली वजावट ठोक आहे: ७५,००० रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्च वीस हजार झाला काय, चार लाख झाला काय, आकडा तोच. नव्या करप्रणालीत ती मुळीच नाही. इथे पावत्यांच्या गठ्ठ्यापेक्षा सरकारी प्रमाणपत्र महत्त्वाचं. लहान मुलांना ते बऱ्याचदा ठरावीक मुदतीचंच मिळतं, म्हणून त्यावरची तारीख बघून ठेवा.

आता अठराव्या वाढदिवसाकडे. इतकी वर्षं बाबा सही करत आले. आज बँकेच्या खिडकीतला कारकून जन्मतारीख बघतो आणि फॉर्म परत सरकवतो, ‘मुलाची सही आणा.’ अठरा पूर्ण झाली की आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करता येतो. तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. नुसतं अंधत्व किंवा बहिरेपण असेल तर हे लागत नाही, मूल खातं स्वतः चालवतं. सतराव्या वर्षीच कागद जमवायला घ्या.

आणि नावं जुळवा. गुजरातेत आडनाव आधी लिहितात. शाळेच्या दाखल्यावर ‘जोशी अमेय सुधीर’ आणि पॅनवर ‘अमेय सुधीर जोशी’ असं असलं की फाइल तिथेच थांबते. आधार, पॅन, दिव्यांग कार्ड आणि पासबुक समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, इंग्रजी स्पेलिंगसकट.